जादूलाही शीव हवी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. वि. वि.

दिवाळी अंक आणि बालदिनाच्या पुरवण्या यांच्या निमित्ताने गोव्यातल्या मराठी वर्तमानपत्रांत मुलांसाठी जादूच्या आणि साहसाच्या गोष्टी छापून येतात. मुलांसाठीची पाने आटत चालली असताना ती आपण टिकवून ठेवली आहेत, त्याबद्दल आधी आभार. आता तक्रार. या गोष्टींतला मुलगा दुसऱ्या परिच्छेदात जंगलात शिरतो, तिसऱ्यात त्याला म्हातारा साधू भेटतो, चौथ्यात साधू कांडी देतो, पाचव्यात राक्षस मरतो आणि सहाव्यात आई त्याला हलवून जागे करते. चारशे शब्दांत याहून जास्त बसत नाही, हे खरे. पण जागेची टंचाई हे निम्मेच कारण झाले. उरलेले निम्मे असे की, कांडीला काय जमत नाही हे लेखकाने ठरवलेलेच नसते.

आम्ही काहीजण मुलांबरोबर वाचनाचे तास घेतो, त्यांच्यासाठी लिहितो, इतरांची हस्तलिखितेही तपासतो. स्वतःच्या आठवणी सांगायला हे पत्र नाही. अशा गोष्टी कुठे बिघडतात आणि त्या दुरुस्त कशा करायच्या, एवढेच मांडायचे आहे. शेवटी आपल्याकडे एक मागणी आहे.

जादूच्या गोष्टीत वाचकाला धरून ठेवते ती जादू नव्हे, जादूची अट. आपल्या परंपरेला हे फार जुने ठाऊक आहे. वेताळ पंचविशीचा सगळा डोलारा दोन वाक्यांवर उभा आहे: उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील, आणि बोललास तर मी परत झाडावर. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरात ही कथामाला आहे आणि आजही आठ वर्षांच्या मुलाला ती अट एकदाच सांगावी लागते. राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या पोपटात, हीसुद्धा अटच. राक्षस अजिंक्य असता तर गोष्ट सुरूच झाली नसती, आणि तलवारीच्या एका घावात मेला असता तर दुसऱ्या पानावर संपली असती. पोपटामुळे तिला लांबी मिळाली.

म्हणून आमच्याकडे हस्तलिखित आले की आम्ही लेखकाकडे आधी एक साधे पान मागतो. ही जादू कोणाला वापरता येते? तिला काय जमत नाही? वापरणाऱ्याचे त्यात काय जाते? ती कुठवर चालते? कशाने संपते? पान कोरे आले तर गोष्ट वाचण्यात अर्थ नसतो. सर्वात जास्त अडखळतात ते तिसऱ्या प्रश्नावर. जादू फुकट असेल तर मुलगा पहिल्याच संकटात ती का वापरत नाही, असा प्रश्न वाचणाऱ्या पोरांना पडतो आणि ती तो मोठ्याने विचारतात. मग लेखक ‘कांडी घरी विसरली’ असली पळवाट काढतो. ही पळवाट मुले एकदा माफ करतात, दुसऱ्यांदा पुस्तक मिटून ठेवतात.

गंमत अशी की गोव्यात लिहिणाऱ्याला या पाचही प्रश्नांची उत्तरे उंबऱ्याबाहेर सापडतात आणि तरी आमच्या गोष्टींत बर्फ पडतो, ओकची झाडे डोलतात, काळ्या दगडाचे किल्ले धुक्यात उभे असतात. गावच्या राखणदाराचेच घ्या. तो शिमेवरून फिरतो, हातात दांडा, अंगावर कांबळे. वाट चुकलेल्याला वाटेला लावतो, उर्मटाला चकवतो, आणि त्याची राखण त्याच्या शिमेपुरती. शीव ओलांडली की तुम्ही दुसऱ्याच्या हद्दीत. मुलांच्या साहसकथेला याहून चांगला नियम सुचवून दाखवावा! शिमेच्या अलीकडे तिघा मुलांना कोणीतरी सांभाळतो आहे आणि पलीकडे त्यांची ती, एवढे पहिल्या प्रकरणात कळले की प्रत्येक शेतबांध आणि प्रत्येक व्हाळ वाचकाला महत्त्वाचा वाटू लागतो. वेताळाच्या चपला तशाच. देव रात्री गावभर फिरतो म्हणून त्याला वाहाणा अर्पण करतात आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. झिजणारी जादू! लेखकाला आणखी काय हवे?

मात्र इथे एक पथ्य पाळावे लागते. राखणदार, सांतेरी, वेताळ ही इथल्या लोकांची जिवंत दैवते आहेत. सोरो-रोट, म्हणजे दारू आणि रोटीचा नैवेद्य, देणारा माणूस शेजारच्या घरात राहतो. त्यांना विनोदी भूत करू नये आणि मुलाने त्यांना गंडवल्याचेही दाखवू नये. ठरावीक देवळाचे नावही नको. शिमेचा नियम घ्यावा, राखण करणारे पात्र स्वतःचे घडवावे.

जादूची किंमत कशी मोजायची, हे एका उदाहरणाने दाखवतो. समजा, जादू मिठात आहे. कोणत्याही मिठात नाही, गावच्या आगरातल्या शेवटच्या राशीतल्या मिठात. आगरवाडा, नेरूल अशा ठिकाणी मिठागरे कशी चालतात ते बऱ्याच मुलांना रस्त्यावरून दिसते. पावसाळा सरल्यावर बांधांची आणि वाफ्यांची डागडुजी, मग उन्हाच्या जोरावर मीठ धरणे, आणि मेअखेर पाऊस यायच्या आत राशी झाकणे किंवा विकणे. नायिकेला मिळते सात चिमटी. प्रत्येक चिमटीला एकच काम होते, आणि ओल लागली की मीठ पाझरते. आता बारा प्रकरणांची आखणी करा. तिसऱ्या प्रकरणात ती एक चिमूट फुकट घालवते, वर्गातल्या मुलाची जिरवायला. पाचव्यात दोन जातात. सातव्यात कागदाच्या पुडीला घाम लागतो आणि आणखी एक जाते. नवव्या प्रकरणाच्या शेवटी हातात तीन उरलेली असतात आणि कामे चार. वाचणारे मूल इथे बोटे मोजते. ते बोटे मोजू लागले की तुमची गोष्ट चालली.

यात चूक होते ती हिशेबाची. सात म्हणायचे आणि आठ वापरायच्या, असे हस्तलिखितांत सर्रास आढळते. कारण लेखक दर आठवड्याला एक प्रकरण लिहितो आणि मागचे उघडून पाहत नाही. वहीच्या मागच्या पानावर प्रकरण, वापर आणि शिल्लक असे तीन रकाने आखा. आठवी चिमूट मोठ्यांच्या लक्षात येत नाही. चौथीतल्या मुलाच्या येते.

दुसरे उदाहरण मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराचे. जादूचे दार कधी उघडते याचे उत्तर बहुतेक लेखक ‘पौर्णिमेच्या मध्यरात्री’ असे देतात. म्हणजे महिन्यातून एकदा. मग बाकीचे २९ दिवस गोष्टीने करायचे काय? खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशीच्या लाकडी झडपा पाहा. बाहेर नदीचे पाणी भरतीने वर चढले की त्या पाण्याच्याच दाबाने मिटतात आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला बाहेरची पातळी खाली गेली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि शेतातले पाणी बाहेर पडते. दोन्हीकडचे पाणी एका पातळीला येते तेव्हा मात्र काही वेळ झडप कोणाचेच ऐकत नाही, नुसती हलत राहते. ना उघडी ना बंद. जादूचे दार उघडायला याहून नेमका क्षण मिळायचा नाही.

शिवाय याला वेळापत्रक आहे. एका भरतीनंतर दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणून तीच भरती दुसऱ्या दिवशी सुमारे ५० मिनिटे उशिरा. सोमवारी झडप सकाळी ६.१० ला हलली तर मंगळवारी ७.००, बुधवारी ७.५०. शाळेची घंटा आठची. बुधवारी धावत सुटले तर कसेबसे जमेल. गुरुवारी ८.४० ला दार उघडेल तेव्हा तिघेही वर्गात हजेरी देत बसलेले! हा ताण लेखकाला शोधावा लागत नाही, चंद्र तो पुरवतो. कोकणपट्टीत तिथीला पाऊणने गुणून भरतीची ढोबळ वेळ काढतात, पंचमीला पाच पाउणे पावणेचार. ठिकाणागणिक ती मागेपुढे होते आणि नदीत आत जाल तसा उशीर वाढतो. गोष्टीतल्या आजोबांना हा हिशेब येत असेल आणि नातवाला पंचांग वाचता येत नसेल, तर दोघांना एकमेकांची गरज पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. भांगाला पाणी फार चढत नाही, म्हणून त्या दिवसांत झडप नीट मिटतच नाही असे धरले तर खलनायकाला आत घुसायला जागा मिळते.

हे सगळे गोष्टीत कोंबायचे नाही, हेही सांगून ठेवतो. माहिती हाती लागली की लेखकाला ती वाटून टाकावीशी वाटते आणि मग आजोबा दीड पान भूगोल शिकवतात. मुलाला पन्नास मिनिटे एवढेच कळायला हवे. बाकीचे लेखकाच्या वहीत राहू द्या.

भूगोलाच्या चुका मात्र हसू आणतात. सूर्य समुद्रातून उगवतो (गोव्यात!). नदी सह्याद्रीकडे वाहते. जुलैत ट्रॉलर समुद्रात जातात, जेव्हा १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. खाजनात मार्चमध्ये सरदीची, म्हणजे पावसाळी भाताची, कापणी चालू असते. दिवाडी बेटावर फेरीबोटीऐवजी पुलावरून जातात. रात्री चमकणाऱ्या अळंब्यांच्या उजेडात मुले ताम्रपट वाचतात, हे तर दोन-तीन वेगवेगळ्या लेखकांच्या हस्तलिखितांत होते. मोले आणि म्हादईच्या रानात पावसाळ्यात अशी अळंबी खरोखर उगवते. पण तिची चमक इतकी मंद असते की डोळे अंधाराला सरावल्याशिवाय ती दिसतसुद्धा नाही, बॅटरी विझवून दहाएक मिनिटे गप्प उभे राहावे लागते. गोष्टीत तेच वापरा ना. ज्याला अंधारात दहा मिनिटे गप्प उभे राहता येते त्यालाच वाट दिसते. चुळबुळ्या मित्र आपसूक अडचणीत येतो.

चिऱ्याकडेही, म्हणजे जांभ्या दगडाकडेही, लेखकांचे लक्ष जात नाही. खाणीतून नुकता काढलेला चिरा तासता येतो आणि वाऱ्याला राहिला की घट्ट होत जातो. चिऱ्यात कोरलेले दार हळूहळू कठीण होत चालले आहे आणि मुलगी आत आहे, एवढ्यावर एक अख्खे प्रकरण निघते. आणि चवथीची माटोळी, गणपतीच्या वर टांगायची रानफळांची आरास! घागऱ्या, कांगणे, आंबाडे, कवंडळ रानातून शोधून आणणे हीच मुळात शोधयात्रा आहे, यादी तयार, मुदत तयार. त्यातले कवंडळ दिसायला लालभडक आणि तोंडात घालण्याच्या लायकीचे नाही. मोहात पाडणारी वस्तू लेखकाने आणखी कुठून आणायची?

पण याच ठिकाणी सगळ्यात गंभीर मुद्दा येतो. मुले गोष्टीतले करून पाहतात. गोव्यात विहिरी आहेत, मानशी आहेत, पाण्याने भरलेल्या जुन्या खाणी आहेत. विहिरीच्या तळाशी जादूचे दार असलेली गोष्ट आम्ही परत पाठवतो, कितीही छान लिहिलेली असली तरी. सांजांवला, म्हणजे जूनमधल्या संत जॉनच्या सणाला, विहिरीत उडी मारणारे पोहणारे असतात आणि काठावर माणसे उभी असतात. एकटे मूल दुपारी विहिरीत वाकते तेव्हा कोणी नसते. मानशीच्या प्रवाहालाही ओढ असते. तेव्हा दार झडपेत असले तरी त्याची किल्ली बांधावर उभे राहूनच फिरते, पाण्याला पाय लागला की जादू मोडते, असा नियमच करून टाका. रानातली फळे तोंडात घालून शक्ती येणे, सापाला हात लावणे, खाणीत उतरणे हे सारे बाद. जी जादू एकट्या मुलाला घरी करून पाहता येईल आणि केल्यास इजा होईल, ती छापायची नाही. तिघांनी एकत्र असल्याशिवाय मंत्र लागत नाही ही जुनी युक्ती त्यासाठीच चांगली आहे.

मंत्रावरून आठवले. ‘ओम ऱ्हीम क्लीम फट्’ छापाचे खोटे संस्कृत कृपा करून बंद व्हावे. ते म्हणताना मुलांची जीभ अडखळते आणि पालक बिचकतात. मंत्र आठ-आठ अक्षरांचा करावा, म्हणजे ओवी-अभंगाने तयार झालेल्या कानात तो लगेच बसतो. ‘पाणी चढे, पाणी पडे, आलो आम्ही दारापुढे’ एवढे साधे पुरे. मुले तो शाळेच्या मैदानात म्हणू लागली तर समजावे जमले.

मोठी माणसे कुठे आहेत, ही साहसकथेतली कायमची अडचण. आई-बाप हजर असतील तर मूल रात्री बाहेर पडणार कसे? परदेशी गोष्टींत यासाठी वसतिगृह असते. आपल्याकडे जत्रा आहे. जत्रेच्या रात्री काला असतो, पहाटेपर्यंत मंडपात नाटक चालते, सगळा गाव देवळात आणि मुलांना जागायची मुभा. संकासुर रंगमंचावर आला की आजीची नजर तिकडे खिळते आणि तिघे मागच्या मागे सटकतात. वडील तारवटी, जहाजावर, सहा-आठ महिने घरी नाहीत, हीही इथली रोजची गोष्ट. त्यासाठी कोणाला अनाथ करायची गरज नाही. मोबाइलचे मात्र टाळता येत नाही. ‘रेंज नव्हती’ हे सत्तरी तालुक्यातल्या दरीत चालून जाईल, फेरीबोटीच्या धक्क्यावर नाही. बरे पडते ते असे: मोबाइल चालतो, फोन लागतो, पण जे दिसते आहे ते त्याच्या कॅमेऱ्यात येत नाही. मग मुलांवर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि गोष्टीला हवे असते तेच.

आता भाषा. मराठी-कोकणी वाद या पत्रात आणायचा नाही, पण इथे लिहिणाऱ्याला तो पानावर सोडवावा लागतोच. गोव्यातले मूल बहुधा घरी कोकणी बोलते, शाळेत इंग्रजी लिहिते आणि मराठी वाचते ते आजीमुळे, भजनामुळे, नाटकामुळे किंवा एका विषयापुरते. त्याच्या तोंडी पुणेरी ‘अगं आई गं, कित्ती मज्जा!’ घातले की पात्र तिथेच मरते. आमचा अनुभव असा की निवेदन मराठीत आणि जवळच्या माणसांचे संवाद कोकणीत हे सर्वांत नीट वाचले जाते. मात्र कंसात अर्थ देऊ नये, पुढच्या मराठी वाक्याने तो उचलावा. असे:

‘थंय वचूं नाकात रे, उदक चडटा!’ आजीने माडाखालून हाक दिली. पाणी चढत होते हे तिला बघावे लागत नसे. खाडीचा वास बदलला की तिला कळे. तिघे तिथेच थबकले.

कोकणी न समजणारे रत्नागिरीचे मूलही इथे अडणार नाही. एका प्रकरणात अशी पाच-सहा वाक्ये पुरेत. वस्तूंची नावे तर बदलूच नयेत. कुळागर म्हणजे कुळागर, त्याची ‘बागायत’ करू नका. पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की सकाळ झाली, हे सांगायला घड्याळ लागत नाही.

वाक्य लहान ठेवा, आशय मात्र लहान करू नका. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाचा देवनागरी वाचायचा वेग बऱ्याचदा आठ वर्षांच्याचा असतो, पण त्याला आठ वर्षांच्याची गोष्ट दिली तर अपमान वाटतो. ही गाठ सोडवायला वाक्यात आठ ते बारा शब्द, पानात दोन-तीनच नवे शब्द, आणि जोडाक्षरांचा जरा हात आखडता. खलनायकाचे नाव ‘क्षुद्रघ्न’ ठेवले की मुले ते नाव गाळून वाचतात आणि चार पानांनी विचारतात, हा कोण? नायक-नायिकांची नावे वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू व्हावीत. सान्वी, साहिल आणि सानिका एकाच गोष्टीत आले तर तिघे मिळून एकच पात्र होते.

हस्तलिखित तयार झाले की पाच-सहा मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे. हजार शब्दांना साधारण आठ-नऊ मिनिटे लागतात. मुले कुठे हलू लागली तिथे पेन्सिलने टिंब. ‘आवडली का?’ असे विचारू नये, सगळी ‘हो’ म्हणतात. ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारावे. सगळ्यांनी एकच आणि बरोबर उत्तर दिले तर पुढचे प्रकरण बदला. कोणालाच काही सांगता आले नाही तर जादूचा नियम त्यांना कळलेला नाही, मागे जा. उत्तरे दोन-तीन प्रकारची आली आणि मुले आपसात भांडू लागली, की प्रकरण छापायला हरकत नाही.

शेवटच्या दोन दुखण्यांविषयी थोडक्यात. ‘आणि तेवढ्यात त्याला जाग आली’ हा शेवट म्हणजे सात चिमटी मोजणाऱ्या मुलाची उघड फसवणूक आहे. स्वप्नच होते तर मोजले कशाला? आणि तात्पर्य. मुलीने आपली शेवटची चिमूट दुसऱ्यासाठी वापरली हे दिसले असेल, तर ‘म्हणून आपण नेहमी परोपकार करावा’ हे खाली लिहिणे म्हणजे वाचकाला काहीच कळले नाही असे मानणे.

आता मागणी. वर्षातून चार-पाच सुट्या गोष्टी छापण्याऐवजी आपण एक मालिका छापावी. मराठी चांदोबा १९५२ पासून निघू लागला, बालभारतीचे किशोर १९७१ पासून निघते. या मासिकांनी मुलांना क्रमशः वाचायची आणि पुढच्या अंकाची वाट पाहायची सवय लावली. किशोरचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. लेखकांनी प्रकरणांची लांबी तिथे ताडून पाहावी. वर्तमानपत्राला तर आठवडा हाताशी आहे. बारा रविवार, दर वेळी ९०० ते १००० शब्द, पानावरची जागा ठरलेली. वर ‘मागील भागात’ म्हणून ४० शब्द, त्याहून जास्त नकोत. भाग तुटावा तो निर्णयाच्या क्षणी. खोट्या भीतीवर तोडू नये, दारामागून मांजर निघाले की पुढच्या रविवारी मुले पान उघडत नाहीत. पहिल्या भागाबरोबर गावाचा नकाशा छापावा: देऊळ, तळी, शाळा, मानस, फेरीचा धक्का, शीव. तो मजकुराशी जुळतो का हे चित्रकाराने नव्हे, लेखकाने तपासावे. देवळाच्या डावीकडे असलेली तळी सहाव्या भागात उजवीकडे गेली, तर पहिले पत्र आपल्याला एखाद्या पाचवीतल्या वाचकाकडून येईल.

अक्षराचा आकार हा या मागणीतला सर्वांत किरकोळ वाटणारा आणि सर्वांत जास्त अडवणारा भाग. बातमीच्या बारीक टाइपात, अरुंद कॉलमात देवनागरी वाचताना लहान मुलाचे वेलांटी-उकार निसटतात आणि ओळ सापडत नाही. किमान १४ पॉइंट, दोन कॉलम एकत्र करून, दोन ओळींत मोकळी जागा. त्याने पाऊण पान लागेल, कल्पना आहे. आणि शेवटच्या क्षणी जाहिरात आली की तळचा परिच्छेद कापायचा, हे या मजकुराला चालणार नाही. बातमी खालून कापता येते, कारण तिचे महत्त्वाचे वर असते. गोष्टीचे महत्त्वाचे तळाशीच असते. कापायचेच झाले तर लेखकाला विचारून मधले वर्णन काढावे.

बारा भाग मिळून अकरा-बारा हजार शब्द होतात. डेमी या नेहमीच्या पुस्तकी आकारात, १४ पॉइंटात, चित्रांसह ते ६४ पानांत बसतात. म्हणजे १६ पानांचे नेमके चार फर्मे, पिन मारून शिवता येईल असे पुस्तक. प्रकाशकाला हा आकार परवडतो, शाळेच्या वाचनालयाला किंमत परवडते. ६८ पाने झाली की पाचवा फर्मा लागतो आणि त्यातली बारा पाने कोरी जातात, म्हणून लेखकांना शब्दमर्यादा सुरुवातीलाच सांगावी. आवाहनात मर्यादेबरोबर ते पाच प्रश्नही छापावेत आणि गोष्टीआधी एका पानाचे उत्तर मागवावे. निवडणाऱ्यांचे निम्मे काम तिथेच होईल.

मालिका जूनच्या पहिल्या रविवारी सुरू केली तर बारावा भाग ऑगस्टच्या उत्तरार्धात येतो, चवथ लवकर असेल तर तिच्या तोंडावर. तेव्हा घरोघरी माटोळी बांधायची तयारी चालू असते आणि घरात वर्तमानपत्रे हाताशी असतात, निदान फळे गुंडाळायला तरी. त्या आधी मार्चअखेर आवाहन, एप्रिलअखेर पहिले तीन भाग हाती, आणि सगळे बारा भाग लिहून झाल्याशिवाय पहिला छापायचा नाही. हे शेवटचे कलम जरा कडक वाटेल. पण चालू मालिकेत लेखक आजारी पडला किंवा त्याला शेवट सुचेना, तर अकराव्या रविवारी पुन्हा एकदा आईच येऊन नायकाला हलवून उठवील.

आपले,
मुलांसाठी लिहिणारे व मुलांबरोबर वाचणारे काहीजण,
फोंडा – गोवा